जुन्या सांगाड्याचे बोल्ट

वचनभाग : नहेम्या 13:4-9, याकोब 5:16



इंग्लंडमध्ये शाळेने किंवा संस्थेने वापरलेली जुनी मिनीबस विकत घेऊन तिचे फिरते घर करणारे पुष्कळ लोक आहेत. प्रवाशांच्या आसनांच्या जागी बिछाना, शेगडी व पाण्याची टाकी बसवायची असते. परंतु त्याआधी जुनी आसने व त्यांचे लोखंडी सांगाडे काढावे लागतात, आणि खरा घाम तेथेच गळतो.

पुष्कळ गाड्यांत सांगाड्याचा बोल्ट तळातून आरपार गेलेला असतो व त्याची चाकी गाडीखाली असते. रस्त्यावरील चिखलाने आणि हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून टाकलेल्या मिठाने ती गंजून जाते. आत बसून बोल्ट फिरवावा, तर खालची चाकीही त्याच्याबरोबर फिरते. माणूस दमतो, पण सांगाडा सुटत नाही. उतावळेपणाने कापू जावे, तर खाली इंधनाची टाकी व ब्रेकच्या नळ्या असतात. म्हणून गंज सोडवणारे तेल घालून थांबतात, आणि मग एक जण गाडीखाली आडवा होऊन ती चाकी पान्याने धरून ठेवतो. तेव्हा कोठे बोल्ट सुटू लागतो.

प्रियजनहो, आपल्या अंतःकरणातही असे सांगाडे आहेत. वाटणीवरून भावाशी धरलेला अबोला, कोणाच्या एका शब्दाने रुजलेला द्वेष, कोणालाही ठाऊक नसलेले व्यसन! आपण गुडघे टेकून जोर लावतो. प्रार्थनेहून उठतो आणि तीच जुनी तक्रार मनात पुन्हा उगाळतो. वरचा बोल्ट फिरतो, खालची चाकीही फिरते. म्हणूनच याकोब आपल्याला एकमेकांजवळ पापे कबूल करण्यास व एकमेकांसाठी प्रार्थना करण्यास सांगतो. क्षमा देवच करतो. परंतु चाकी धरण्यासाठी तो पुष्कळदा एखादा भाऊ किंवा बहीण पाठवतो.

गाडीखाली आडवे होणे हे मानाचे काम नव्हे. गंज व माती तोंडावर पडते. आपला प्रभू आपल्यासाठी याहून कितीतरी खाली उतरला. तेव्हा कोणी विश्वासाने आपले पाप तुमच्यापाशी उघड केले, तर ते चर्चच्या दारापर्यंतही पोहोचू देऊ नका. पाना घट्ट धरा आणि प्रार्थना करा.

सांगाडा निघाल्यावर तळाला छिद्रे उरतात. गंज खरवडून, रंग देऊन ती बुजवली नाहीत, तर नव्या फळ्यांखाली पाणी शिरते. नहेम्यानेही हेच जाणले होते. एल्याशीब याजकाने मंदिराच्या अंगणातील मोठी खोली तोबीयाला दिली होती; जेथे अन्नार्पणे व धूप ठेवायचे, तेथे त्याचे सामान आले होते. नहेम्याने ते सर्व बाहेर फेकले, परंतु तेवढ्यावर तो थांबला नाही. त्याने खोल्या शुद्ध करवून घेतल्या आणि देवाच्या मंदिराची पात्रे, अन्नार्पणे व धूप पुन्हा तेथे आणून ठेवली. द्वेष गेला, तर त्या जागी त्या भावासाठी नित्य प्रार्थना येऊ द्या. रिकामी जागा फार दिवस रिकामी राहत नाही.

वाचकहो, तुमची चाकी कोण धरील? या आठवड्यात त्या एका व्यक्तीकडे जा. आणि कोणी तुमच्याकडे आले, तर खाली उतरण्यास लाजू नका. प्रभू आपणा सर्वांना तशी नम्रता देवो. आमेन.