त्याला वकील कशाला?

लेकरावर हात टाकणाऱ्याला वकील कशाला, असं पुण्यात आमच्या वस्तीत लोक विचारतात. पाळी सुटल्यावर टपरीवरबी तेच. त्यांचा राग खोटा नाही. पोरी आमच्याबी आहेत. पण दोस्तहो, माझा सवाल एवढाच: हाच तो, हे ठरवलं कुणी?

२००३ साली नाशिकजवळ एका झोपडीत पाच जीव घेतले. पंधरा वर्षांच्या पोरीवर बलात्कार करून तिलाही मारलं. पोलिसांनी सहा जण धरले. भटक्या जमातीतले, मजुरी करून खाणारे. एक तर तेव्हा स्वतःच अल्पवयीन. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना फाशी सांगितली. त्याच कोर्टानं मार्च २०१९ मध्ये सगळे निर्दोष सोडले, प्रत्येकी ५ लाख भरपाई द्यायला लावली. वाचलेल्या बाईनं पोलिसांच्या फोटोंतून भलतेच चौघे ओळखले होते. त्यांचा तपासच केला नव्हता.

मग त्या पोरीला काय मिळालं? आरोपीचा वकील नीट भांडला असता, तर तिचाही तपास सरळ झाला असता.

वकील म्हणजे लेकराला कोर्टात फाडून खाणं नव्हे. २०१२ च्या पोक्सो कायद्यात वकिलाचे प्रश्न न्यायाधीशच लेकराला विचारतो. आणि वकील मिळण्याचा हक्क घटनेच्या कलम २२ मध्ये आहे. आरोपीचं वकीलपत्र घ्यायचं नाही, असे वकील संघटनांचे ठराव सुप्रीम कोर्टानं २०१० मध्येच बेकायदा ठरवलेत.

आधी शिक्षा ठरवायची, मग माणूस शोधायचा, हा गावाचा न्याय आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाठीवर झेललाय. तोच आता आम्ही कुठल्या तोंडानं मागायचा?