दोन दिनार आणि पुढचा खर्च

वसईच्या एका घरात रात्रीची जपमाळ संपली, पण नेहमीप्रमाणे कोणी उठले नाही. घरची आई अठ्ठावन्न वर्षांची. वर्षभरापूर्वी तिची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. मुलगी आपले एक मूत्रपिंड द्यावयास सिद्ध आहे. तपासण्याही जुळल्या आहेत. थोरला मुलगा मुंबईला नोकरी करतो. वडिलांना मधुमेह, त्यामुळे त्यांचे मूत्रपिंड चालत नाही. पैसा उभा करावयाचा तर केळीची वाडी विकणे एवढाच मार्ग दिसतो. आई म्हणाली, "मला नको नवी किडनी. वाडी विकू नका, आणि माझ्यापायी पोरीच्या अंगाला सुरी लावू नका. देवाने इतकी वर्षे दिली, पुष्कळ झाली." मुलगा खाली मान घालून बसला होता. थोड्या वेळाने त्याने आम्हांला विचारले, "आईच नको म्हणते आहे. मग आम्ही तिचे ऐकले, तर आम्हांला पाप लागेल का?"

या प्रश्नाचे उत्तर त्या रात्री आम्हांला देता आले नाही. तो त्या एका घरापुरता नाही, म्हणून येथे आपण त्याचा विचार करू.

प्रथम व्यवहार पाहू. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला साधारणपणे आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास, डायलिसिसच्या यंत्राला जोडावे लागते. म्हणजे वर्षाला सुमारे १५६ खेपा. प्रत्येक खेपेला सोबतीला कोणीतरी हवे, त्याचा रोज बुडतो. २०१६ पासून शासनाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली गरिबांना जिल्हा रुग्णालयांतून विनामूल्य डायलिसिस मिळू लागले. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतील मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. हा आधार लहान नव्हे. परंतु प्रत्यारोपण हा एका दिवसाचा खर्च नाही. शरीर परक्या अवयवाला परकाच मानते आणि त्याच्यावर चालून जाते. ते चालून जाऊ नये म्हणून नवे मूत्रपिंड काम करते आहे तोवर रोज, चुकवता न येणारी औषधे घ्यावी लागतात, आणि त्यांचे रक्तातील प्रमाण वारंवार तपासावे लागते. पैशांअभावी काही दिवस गोळ्या चुकल्या, तर लेकीने दिलेले मूत्रपिंड वाया जाऊ शकते. शस्त्रक्रियेच्या वेळी गावभर वर्गणी होते. दोन वर्षांनंतरच्या गोळ्यांसाठी कोणी वर्गणी काढीत नाही.

आता धर्माकडे वळू. १९५४ साली २३ डिसेंबरला बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवून पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले. १९९० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या काळी काही कॅथलिक नीतिज्ञांना शंका होती : निरोगी माणसाचा निरोगी अवयव काढणे ही देवाने दिलेल्या शरीराची हानी नव्हे काय? विचारांती ख्रिस्तसभेने उत्तर दिले, की देणाऱ्याच्या जिवाला व आरोग्याला अवाजवी धोका नसेल आणि देणे खरोखर स्वेच्छेने असेल, तर ते प्रीतीचे कृत्य होय. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ च्या 'एव्हान्जेलियुम विते' या विश्वपत्रात अवयवदानाची गणना दैनंदिन जीवनातील थोर त्यागांत केली, आणि २००० साली रोममध्ये प्रत्यारोपणतज्ज्ञांसमोर बोलताना अवयवांचा व्यापार त्याज्य ठरविला. आपल्या देशाचा १९९४ चा कायदाही हेच सांगतो : अवयव देता येतो, विकता येत नाही.

'स्वेच्छेने' हा शब्द मात्र आपण घाईने वाचू नये. आपल्या घरांत मूत्रपिंड देणाऱ्यांमध्ये बायका अधिक आणि घेणाऱ्यांमध्ये पुरुष अधिक, हे डॉक्टरांचे जुने निरीक्षण आहे. बायकोने द्यावे, बहिणीने द्यावे, हे कोणी न बोलताच ठरून जाते. ज्या घरात 'नाही' म्हणण्याची सोय नाही, त्या घरातले 'हो' दान ठरते का, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे. येथे लेक स्वतः पुढे आली आहे. तरीही तिला एकान्तात, आईच्या डोळ्यांआड, पुन्हा विचारले पाहिजे.

मग आईचा नकार? त्यात पाप आहे काय? आमच्या मते नाही. पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्ये डॉक्टरांना उत्तर देताना स्पष्ट केले, की प्राण राखण्यासाठी मनुष्य सामान्य उपायांनी बांधलेला आहे. स्वतःवर किंवा इतरांवर जड ओझे टाकणाऱ्या उपायांनी तो बांधलेला नाही. १९८० मध्ये रोमहून निघालेल्या दयामरणाविषयीच्या घोषणापत्रात तर कुटुंबावर व समाजावर अतिरिक्त खर्च न लादण्याची इच्छा हेही उपचार नाकारण्याचे ग्राह्य कारण मानले आहे. तेव्हा वाडी वाचावी म्हणून नको म्हणणारी आई देवाच्या देणगीचा अव्हेर करीत नाही. संत पौलानेही करिंथकरांना लिहिले आहे, की साठवण मुलांनी आईबापांसाठी नव्हे, तर आईबापांनी मुलांसाठी करावयाची असते. ही माउली आयुष्यभर तेच करीत आली, आणि आजही तेच करते आहे.

पण आईला जे म्हणण्याचा अधिकार आहे, ते तिच्या तोंडून वदवून घेण्याचा अधिकार मुलांना नाही. संत मार्कच्या शुभवर्तमानात प्रभू येशू 'कुर्बान'च्या चालीवर कोरडे ओढतो. आईबापांच्या उपयोगी पडणारे धन देवाला वाहिले असे म्हणून लोक मोकळे होत, आणि वर धर्म पाळल्याचे समाधान मिळवीत. धर्माच्या आडोशाला उभे राहून चौथी आज्ञा मोडता येते, हे त्याने उघडे केले. 'आईचीच इच्छा' हाही असा आडोसा होऊ शकतो. मुलाच्या प्रश्नाला आता उत्तर देता येईल : आईचे ऐकण्यात पाप नाही, परंतु दुसरे दार उघडते का, हे न पाहताच तिचे ऐकण्यात सुटका मानणे, यात दोष आहे.

आणि दुसरे दार एकट्या मुलाने उघडणार नाही, तेथे आपला संबंध येतो. ज्या आईपुढे एका बाजूला मरण आणि दुसऱ्या बाजूला मुलांची उपासमार एवढेच ठेवले आहे, ती 'नको' म्हणते तेव्हा तिने निवड केली असे म्हणता येत नाही. ती कोंडीत सापडलेली असते. धर्मग्रामाने औषधांचा भार खरोखर उचलला, आणि त्यानंतरही ती शांतपणे "नको" म्हणाली, तर तो नकार तिचा. तो आपण डोके लववून मानू. त्याआधी तिच्या त्यागाचे गोडवे गाण्याचा आपल्याला अधिकार नाही.

दयाळू शोमरोन्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. जखमा बांधल्या, जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले, एवढे सर्वांच्या ध्यानात असते. दुसऱ्या दिवशी त्याने दोन दिनार काढून दिले, हेही काहींना आठवते. पण त्याने उतारशाळेच्या मालकाला आणखी एक शब्द दिला : याहून अधिक खर्च झाला, तर परतताना मी भरीन. किती होईल हे त्याला ठाऊक नव्हते. आपण बहुधा दोन दिनारांपाशी थांबतो. शस्त्रक्रियेचा धनादेश देतो, छायाचित्र निघते, आणि रुग्ण आपल्या मनातून घरी जातो. त्याचा खर्च मात्र त्याच दिवशी सुरू होतो.

आपल्याच देशात याहून पुढे गेलेले लोक आहेत. केरळातील धर्मगुरू फादर डेव्हिस चिरमेल यांनी २००९ मध्ये आपले मूत्रपिंड एका हिंदू गृहस्थाला दिले. पाला धर्मप्रांताचे तत्कालीन साहाय्यक बिशप जेकब मुरिकन यांनी २०१६ मध्ये तेच केले. एवढे सर्वांना जमणार नाही, आणि मागणेही योग्य नाही. परंतु ज्यांनी शरीराचा भाग दिला त्यांच्यापुढे आपल्याकडून मागितले जात आहे ते किती थोडे! शंभर घरांनी महिन्याला शंभर रुपये काढले, तर दहा हजार होतात. फ्रेडरिक ओझानाम यांनी १८३३ मध्ये पॅरिसला ज्या मंडळाचा पाया घातला, त्या संत व्हिन्सेंट डी पॉल मंडळाच्या शाखा आपल्या अनेक धर्मग्रामांत आहेत. हे काम त्यांच्या स्वभावाचेच आहे. अट एकच : निधी एका वेळच्या मदतीचा नसावा, दरमहा औषधांच्या दुकानात पोहोचणारा असावा, आणि घेणाऱ्याला दर महिन्याला हात पसरावा लागू नये.

पैसा कोठून आणायचा, असे कोणी म्हणेल. एका लग्नाच्या मांडवावर, एका सणाच्या रोषणाईवर आपण काय उधळतो, याचा हिशेब प्रत्येकाने घरीच करावा. देवाच्या नावाने होणारा खर्चही त्यातून वगळू नये. 'कुर्बान'चा दाखला नेमका त्यासाठीच आहे.

आम्ही हे लिहीत असताना त्या घरचा निर्णय झालेला नाही. आई सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी डायलिसिसला जाते. मुलगा रजा मांडून सोबत असतो. मागच्या रविवारी मिस्सा संपल्यावर ती आम्हांला दारात भेटली. "पोरांना माझ्यासाठी कर्जात पडू देऊ नका," एवढेच म्हणाली. आम्ही होकार दिला. त्या होकाराची किंमत किती, हे आम्हांला ठाऊक नाही. शोमरोन्यालाही ठाऊक नव्हते.