विरणारा आधार, न विरणारे दायित्व

आधार देणे हा धर्म आहे, हे कोणीही सांगेल. परंतु वेळ येताच आधार दूर व्हावा, हाही त्याच धर्माचा भाग होय, हे आपण सहसा विसरतो. एका शास्त्रीय विषयाने आम्हांस याची आठवण करून दिली.

झिजलेली कूर्चा अगर अस्थी पुन्हा वाढवावयाची, तर पेशींना काही काळ घर लागते. हायड्रोजेल हे असे घर : पाण्याने ओथंबलेले, बहुवारिकांचे मऊ जाळे. १९९३ साली अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या साहनी, पाठक व हबेल यांनी असे द्रावण प्रसिद्धीस आणले, की प्रकाश पडताच ते थिजावे आणि पुढे पाण्यानेच त्याचे बंध तुटून ते विरून जावे. घटक बदलून हा काळ १ दिवसाहून कमी ते ४ महिने असा ठरविता येई. अशा जेलांत पेशी रुजविण्याचे प्रयत्न पुढे पुष्कळ झाले.

सारी कसोटी या काळातच आहे. जेल लवकर विरले तर कोवळी ऊती ढासळते. उशिरा विरले तर तिच्या वाढीची जागाच अडते. आमच्या व्यवसायात पालकाची स्थिती अशीच असते. अज्ञान मूल सज्ञान होताच त्याने दूर व्हावयाचे. किंबहुना दूर होण्यासाठीच तो नेमलेला असतो.

परंतु येथे एक पेच उभा राहतो. धातूचा सांधा बिघडला, तर तो काढून न्यायासनापुढे ठेवता येतो. विरलेले जेल कोठून आणावे? प्रकाशाने द्रावण थिजविताना उत्पन्न होणारी मुक्त मूलके पेशींना इजा करू शकतात. विघटनातून लॅक्टिक आम्ल निघाले, तर ते शरीराच्या परिचयाचे खरे; पण एके ठिकाणी साचल्यास तेही दाह करू शकते. म्हणजे अपाय मागे राहतो आणि पुरावा मात्र नाहीसा होतो!

१८९० च्या पालक व पाल्य कायद्यात याचे उत्तर आम्हांस दिसते. पालकाचा अधिकार संपला तरी न्यायालय त्याच्याकडून हिशेब मागू शकते. त्याला दायित्वमुक्त केले, तरी मागाहून उघडकीस आलेल्या कपटातून तो सुटत नाही. तोच न्याय येथेही लागू व्हावा. जेलचे घटक, प्रकाशाची मात्रा, विरण्याचा अपेक्षित काळ यांची नोंद रुग्णाच्या हाती असावी आणि ती जेलहून दीर्घायुषी असावी.

विरून जाणे हेच आधाराचे सार्थक होय. आधार देणाऱ्याने मात्र विरून जाऊ नये.