मान आणि हुकूम

आदिम समाजाविषयीची चर्चा हल्ली दोन वाक्यांत आटोपते. शिकार करणारा, कंदमुळं खाणारा माणूस मोकळा होता, शेती आली आणि त्याच्या मानेवर जू बसलं, असं एक बाजू म्हणते. उतरंड माणसाच्या रक्तातच आहे, असं दुसरी. युवाल नोआ हरारी यांच्या 'सेपियन्स'मुळे पहिलं मत मराठी घराघरांत पोहोचलं. 2021 साली डेव्हिड ग्रेबर आणि डेव्हिड वेंग्रो यांच्या जाडजूड ग्रंथाने त्याला जोरदार हादरा दिला, पण त्यांचा भर युक्रेन, मेक्सिको, मेसोपोटेमियावर. हुबळी-धारवाडच्या वाचकाला एवढं लांब जायची गरज नाही.

हुबळीहून गदग, कोप्पळ, होसपेटे करत बळ्ळारीकडे निघालं, की वाटेत कुडतिनी लागतं. तिथे राखेचं एक प्रचंड टेकाड आहे. अशी शंभराहून अधिक टेकाडं उत्तर कर्नाटकात आणि शेजारच्या आंध्र-तेलंगणात विखुरली आहेत. काही आठ-दहा मीटर उंच. भीमाने मारलेल्या हिडिंबासुराला जाळल्याची ही राख, असं कुपगलच्या परिसरातले लोक सांगत. भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी एकोणिसाव्या शतकात ही जळालेल्या शेणाची राख असल्याचं ओळखलं आणि पुढे सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीने ते पक्कं झालं. 1957 साली रेमंड ऑल्चिन यांनी उटनूरला उत्खनन केलं, तेव्हा राखेच्या थरांमधून लाकडी खांबांचं कुंपण उलगडत गेलं आणि गुरांच्या खुरांचे ठसेही सापडले. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी गुरं जिथे उभी राहिली, तिथेच ते खूर उमटून राहिले होते.

म्हणजे हा गोठा होता. वर्षानुवर्षं साचलेलं शेण ठरावीक वेळी पेटवायचं, इतकं की थर वितळून काचेसारखे घट्ट व्हावेत. मग पुन्हा गुरं, पुन्हा शेण, पुन्हा आग. हे काम एका घराचं नव्हे. के. पद्दय्या यांनी बुदिहाळला गोठ्याशेजारी वस्ती आणि गुरं कापण्याची वेगळी जागा उजेडात आणली. एवढं मांस एका कुटुंबाला संपणारं नाही. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातले रवी कोरिसेट्टर आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी बळ्ळारीजवळच्या संगनकल्लूत केलेलं काम तर पाठ्यपुस्तकातला क्रम उलटवतं. इथे जनावरं आधी दिसतात. हुलगा, मूग आणि स्थानिक भरड धान्यं वस्तीच्या अंगाने हळूहळू येतात. शेजारच्या हिरेगुड्डावर डोलेराइट दगडाच्या कुऱ्हाडी घडवण्याचा मोठा उद्योग चालला. शेकडो वर्षांचा हा व्यवहार, आणि राजवाडा कुठेच नाही.

एवढी माणसं एकत्र आली तर कुणीतरी आज्ञा देणारा असणारच, हा तर्क इथे लगेच पुढे येतो. त्याच्यावर थांबायला हवं, कारण आजच्या चर्चेतली सर्वांत घट्ट चूक तीच आहे. मान आणि हुकूम या दोन गोष्टी तो एकच समजतो. जत्रेत पहिला नैवेद्य कुणाचा, पालखीला पहिला खांदा कुणाचा, हे ठरलेलं असतं. त्यावरून मारामाऱ्याही होतात. पण म्हणून त्या मानकऱ्याच्या शब्दावर कुणी आपलं शेत सोडत नाही. मान दुसऱ्यांनी द्यायचा असतो. हुकूम मोडला तर शिक्षा असते, आणि ती टाळून निघून जायची वाट बंद असावी लागते.

इनामगावकडे या नजरेने पाहावं. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी 1968 ते 1983 या काळात डेक्कन कॉलेजने केलेलं हे उत्खनन भारतीय पुरातत्त्वाचं भूषण आहे, आणि म. के. ढवळीकरांनी त्यावरून उभं केलेलं शेतकरी गावाचं चित्र आजही मनात ठसतं. पण त्यातला नायक तपासून घ्यावा लागतो. पुरावे तीन. पाच खोल्यांचं मोठं घर, त्याला लागून धान्याचं कोठार, आणि त्याच घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात पुरलेला प्रौढ पुरुष. इनामगावात इतर प्रौढांची पावलं पुरण्याआधी तोडलेली आढळतात. याची मात्र शाबूत होती. यावरून वंशपरंपरेने चालणारी नायकी आणि धान्यरूपाने गोळा होणारा कर असं अनुमान निघालं.

मोठं घर हे मानाचं चिन्ह असू शकतं. शाबूत पावलं तर निखळ मानाचीच खूण: मेल्यावर लोकांनी त्याला वेगळं वागवलं. उरलं कोठार. घराला कोठार लागून आहे म्हणजे धान्य त्या घराचं, हे कशावरून? गावाचं बी आणि दुष्काळासाठी राखलेलं धान्य विश्वासाच्या घराशेजारी असणं तेवढंच शक्य आहे. कर म्हटलं की न देणाऱ्याचं काय होई हे दाखवावं लागतं, आणि या तीन पुराव्यांपैकी एकही ते दाखवत नाही. पुराचं पाणी वळवणारा पाट आणि बांध हेही नायकाच्या खाती मांडले जातात. बांध घालायला माणसं जमावी लागतात, ती हाकलूनच आणावी लागतात असं नव्हे.

त्याहून बोलका आहे शेवट. इ.स.पू. 1000च्या सुमाराला हवामान कोरडं होत गेलं, तेव्हा चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, लोक पशुपालनाकडे अधिक वळले आणि इ.स.पू. 700च्या सुमाराला गाव उठलं. हुकूम चालणाऱ्या ठिकाणी कोठारवाला सहसा लोकांना जाऊ देत नाही. ज्याची संपत्ती चार पायांवर चालते, त्याला कुंपण घालणं अवघड.

हुकूम नव्हताच, असा दावा मात्र करता येणार नाही. दायमाबादला 1974 साली सापडलेली काशाची चार जड शिल्पं वेगळी गोष्ट सांगत असतील. आणि हुकूम ऋतूपुरताही असू शकतो. उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातल्या शायान लोकांत गव्यांच्या सामूहिक शिकारीवेळी नेमलेले शिपाई नियम मोडणाऱ्याला मारझोड करत, त्याचा तंबू फाडत. हंगाम संपला की त्यांचा अधिकारही संपे. राखेच्या टेकाडांभोवती असं काही घडत असेल, तर ते 'समता की उतरंड' या प्रश्नात बसतच नाही.

मॉर्गन-एंगल्स यांची समाजविकासाची पायऱ्यापायऱ्यांची चढण आता कुणी गंभीरपणे घेऊ नये. हिरेकेरूरजवळच्या हल्लूरला नागराज राव यांनी 1965 साली केलेल्या उत्खननात घोड्याची हाडं निघाली, त्यावरून आर्यांचा जो वाद पेटला, त्यात समाजरचनेचा प्रश्न पार बुडाला. सोनेरी समतेच्या आठवणीत रमणाऱ्यांना टेकाडांतलं कष्टाचं शेण दाखवावं. धारवाडच्या शं. बा. जोशींनी मात्र मराठी-कन्नड संस्कृतीच्या मुळाशी हट्टीकार पशुपालक ठेवले होते. त्यांची साधनं भाषेची होती, तरी नजर योग्य दिशेला होती.

लोखंडयुगातही तेच. कोप्पळ जिल्ह्यातल्या हिरेबेणकलला टेकडीवर शेकडो महापाषाणी थडगी उभी आहेत, आणि शिळा दिसली की नायक दिसतो. पण इतक्या संख्येने थडगी उभारणारा समाज एकाच घराचा मोठेपणा कोरत होता, असं वाटत नाही. अनेक घरं आपापल्या मृतांसाठी शेजाऱ्यांचा हातभार मागत होती, हे अनुमान निदान तेवढंच सबळ आहे.

यापुढे खोल्या मोजून भागणार नाही. माणसाच्या दातांच्या एनॅमलमध्ये बालपणीच्या अन्नपाण्यातलं स्ट्रॉन्शियम साठून राहतं, आणि त्यावरून तो पुरला गेला त्याच परिसरात वाढला की दुसरीकडून आला, हे ताडता येतं. इनामगावच्या रांजणातला तो पुरुष, पावलं तोडलेले त्याचे गावकरी आणि टेकाडांच्या परिसरातली दफनं यांचे दात या एका प्रश्नासाठी शेजारी ठेवून पाहायला हवेत: या माणसांना येण्याजाण्याची मोकळीक होती का, आणि कोणत्या पिढीपासून ती आटली?