चिठ्ठी देण्यापूर्वी

काही वर्षांपूर्वी भांडगावच्या मंडळीतील एक बाप आमच्याकडे आला. त्याचा पंधरा वर्षांचा मुलगा शाळा चुकवी, घरातील पैसे उचली व बापास उलट बोले. "पाळकसाहेब, एका संस्थेत अशा मुलांस वळण लावितात म्हणे. आपण चिठ्ठी द्यावी," असे तो म्हणाला. मुलाशी एक शब्दही न बोलता आम्ही चिठ्ठी दिली. आठ महिन्यांनी मुलगा परत आला तो फार आज्ञाधारक होऊन. मंडळीने देवाचे उपकार मानिले व आम्हीही मानिले. कोणी हात वर करताच तो डोके झाकी, हे मात्र आम्ही पाहूनही पाहिले नाही. पुढे त्याने तेथील मारहाण सांगितली, तेव्हा आमची आम्हासच लाज वाटली.

तर प्रश्न हा की, भयाने आलेले आज्ञापालन ही सुधारणा होय काय? आमच्या मते नव्हे. भय दूर होताच तसले आज्ञापालनही जाते, आणि मागे उरतो तो वडील माणसांवरील अविश्वास.

अशी गृहे काढणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे नाही. मुलांस तुरुंगातील अट्टल गुन्हेगारांपासून दूर ठेवावे, ह्याच विचाराने १९२४ साली मुंबई इलाख्यात मुलांचा कायदा झाला. परंतु बंद दाराआड चांगला हेतूही नासतो. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पथकाने बिहारातील आश्रयगृहे तपासली. तो अहवाल २०१८ साली बाहेर आला, तेव्हा मुजफ्फरपूर येथील मुलींवरील अत्याचार जगास कळले. हे परक्यांचे पाप म्हणून आपणास हात झटकता येत नाहीत. कॅनडात मूळ रहिवाशांच्या मुलांस घरापासून तोडून ज्या वसतिशाळांत ठेविले, त्यांतील पुष्कळ ख्रिस्ती मंडळ्यांनीच चालविल्या होत्या. तेथील युनायटेड चर्चने त्याबद्दल १९९८ साली क्षमा मागितली.

कोणी म्हणेल, "मुलगा हाताबाहेर गेला तर आईबापांनी काय करावे?" ही अडचण खरी आहे, आणि मुलांस मायेने सांभाळणारी गृहेही आहेत. तथापि २०१५ च्या बालन्याय कायद्याचेही तत्त्व हेच की, मुलास संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा. आम्ही तो पहिलाच करितो.

म्हणून शिक्षक, डॉक्टर, पोलीस पाटील व पाळकबंधू ह्यांस आमची नम्र विनंती आहे. आपल्या एका चिठ्ठीवर लोक विश्वास ठेवितात. ती देण्यापूर्वी मुलाशी एकांतात बोलावे. संस्थेची कायद्याप्रमाणे नोंदणी आहे काय, आईबापांस केव्हाही भेटता येते काय, मूल घरी केव्हा परतेल, हे विचारावे. मूल परतल्यावर त्याचे गाऱ्हाणे खोटे ठरविण्याची घाई करू नये. "हा तर लबाडच" ह्या एका शब्दाच्या आड पुष्कळ मारहाण लपते. मूल संकटात दिसल्यास १०९८ ह्या क्रमांकावर कळवावे.

मार्काच्या नवव्या अध्यायात एक बाप आपल्या पीडित मुलास प्रभूकडे आणितो. प्रभूने त्या मुलास कोठे पाठविले नाही. हे केव्हापासून होते, असे त्याने बापास विचारिले, आणि शेवटी मुलाचा हात धरून त्यास उठविले. आम्ही मात्र काही न विचारिता चिठ्ठी लिहिली. तो मुलगा आता मोठा झाला आहे व आम्हास पाहून नमस्कार करितो. त्याची क्षमा आम्ही मागितली आहे. वाचकांवर तशी पाळी न येवो.