चक्कर नाही, फिट म्हण

बस. मान वर कर. 'चक्कर आली असेल बाई' हे माझ्यापुढे नको. प्रार्थनेला उभी पोर ताठ होऊन कोसळली, हातपाय झटकले, तोंडाला फेस आला. याला चक्कर म्हणतात? ही पहिली फिट नव्हती, हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळावं? प्रवेशाच्या फॉर्मवर आजाराच्या रकान्यात 'नाही' कोणी लिहिलं? अक्षर ओळखते मी. तुझ्या वह्या तपासल्यात.

त्या 'नाही'पायी काय झालं, ऐक. एक जण चप्पल घेऊन धावला, नाकाशी धरायला. दुसरी दातांत चमचा घालायला निघाली. दात तुटून तुकडा श्वासनळीत गेला असता तर? मी सगळ्यांना मागे सारलं. तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली ओढणी सरकवली, हातपाय दाबू दिले नाहीत आणि घड्याळ धरलं. दोन मिनिटांत थांबली. पाच मिनिटांवर गेली तर 108 ला फोन करायचा. एवढंच असतं. साऱ्या शाळेला शिकवायला अर्धा तास पुरला असता. पण तू तोंड उघडलंस का?

आणि गोळ्या कोणाला विचारून बंद केल्यास? सहा महिने फिट आली नाही म्हणून? अरे, गोळ्या चालू होत्या म्हणून आली नाही! निदान दोन वर्षं कोरडी गेली की मग डॉक्टर डोस उतरवायचा विचार करतात, तोही हळूहळू. एकदम तोडल्या तर फिट उलटते, कधी थांबायचं नावच घेत नाही. अपस्मार आहे हा, मेंदूतल्या विजेचा गोंधळ. तुला हे कळत नाही? शास्त्रात वर्गात पहिला यायचास तू! आजीच्या समाधानाला अंगारा लावलास, लाव. पण गोळीच्या जागी अंगारा? अडाण्याने केलं असतं तर समजावलं असतं. तुझा मला राग येतो. नीट औषध घेतलं तर दहातल्या सात जणांच्या फिट थांबू शकतात. त्या सातांत तुझी पोर नको का तुला?

'पुढे लग्न कसं होईल?' आठ वर्षांची आहे ती! वेडाच्या झटक्यांबरोबर अपस्मारही लग्नाच्या आड आणणारा हिंदू विवाह कायद्यातला शब्द 1999 सालीच काढून टाकला. कायद्याला जे जमलं ते बापाला जमेना? 1992 च्या विश्वचषकात जाँटी ऱ्होड्सने स्टंपांवर झेप घेऊन इंझमामला धावबाद केलं, तेव्हा बाकावरून तशाच उड्या मारायचास ना? त्यालाही अपस्मार आहे. त्याने तो लपवला नाही.

तिच्यासाठी लपवलं म्हणू नकोस. स्वतःच्या लाजेसाठी लपवलंस. शुद्धीवर आल्यावर ती पहिलं काय बोलली, माहीत आहे? 'बाई, पप्पांना सांगू नका.' लागलं, दुखतंय, काही नाही. पडल्याचा गुन्हा झाला होता तिच्या हातून! हे तिला कोणी शिकवलं?

रडू नकोस. हा घे कोरा फॉर्म. आजार लिही, गोळीचं नाव लिही, वेळ लिही, डॉक्टरांचा नंबर लिही. इथून उठलास की थेट त्यांच्याकडे जा, गोळ्या बंद केल्याचं खरं सांग. आणि उद्या दहाला स्टाफरूममध्ये ये. सगळ्यांसमोर सांगायचंस. तिला बरोबर आण. तिच्या बापाच्या तोंडून तिला ऐकू दे.