कळण्याचा हक्क कुणाचा?

मज्जापेशीच्या लांब शेपटीला ॲक्सॉन म्हणतात. पाठीच्या कण्यापासून पावलापर्यंत जाणारा ॲक्सॉन मीटरभर लांब असू शकतो. त्याला आतून आधार देतात ते न्यूरोफिलामेंट, म्हणजे सुमारे १० नॅनोमीटर जाडीचे प्रथिनांचे धागे. ते पेशीच्या मुख्य भागात तयार होतात आणि दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर पुढे सरकतात. म्हणजे पावलापर्यंत पोहोचायला तीन वर्षं तरी हवीत! त्यांच्यामुळे ॲक्सॉन जाड होतो, आणि जाड ॲक्सॉनमधून संदेश वेगाने धावतो.

ॲक्सॉन तुटला की हे धागे बाहेर सांडतात आणि त्यांचा थोडा अंश रक्तात उतरतो. त्यातलं 'न्यूरोफिलामेंट लाइट' हे प्रथिन आता साध्या रक्तचाचणीत पिकोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या लाख कोटीव्या भागात, मोजता येतं. पण हा आकडा फक्त पडझड सांगतो, तिचं कारण सांगत नाही. तो एएलएसमध्ये वाढतो, मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये वाढतो आणि नुसत्या वयानेही वाढतो.

आता आपल्याकडे वळू. एटोबिकोतून घरी फोन लागतो, बाबांचे पाय लटपटतात असं कळतं, आणि आपण म्हणतो, "सगळ्या टेस्ट करून घ्या. रिपोर्ट आधी मला पाठवा, बाबांना काही सांगू नका." यात माया असते, हे खरंच. पण ॲक्सॉन बाबांचे आणि आकडा मात्र आपल्या मोबाइलवर, हे न्याय्य आहे का?

तुम्ही म्हणाल, उपाय नसेल तर सांगून काय उपयोग? उपाय असला की प्रश्न बदलतो, हे मान्य. एसओडी१ जनुकातल्या दोषामुळे होणाऱ्या एएलएसवर टोफरसेन या औषधाला अमेरिकेत २०२३मध्ये मंजुरी मिळाली, तीही मुख्यतः हे प्रथिन रक्तात कमी झालं या आधारावर. तिथे लवकर कळण्याला अर्थ आहे. पण उपाय म्हणजे फक्त औषध नव्हे. मृत्युपत्र करणं, भावाशी अबोला सोडणं, एकदा नातवंडांकडे येऊन राहणं, हेही माणसाला वेळेत करायचं असतं. आणि एखाद्याला काहीच जाणून घ्यायचं नसेल, तर तोही त्याचाच निर्णय.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की रक्त काढण्याआधी विचारा: "बाबा, तुम्हाला किती कळायला हवंय? आणि आम्हाला किती कळलेलं चालेल?" हा प्रश्न फोनवर विचारणं अवघड आहे. पण आपण एवढ्या लांब राहतो म्हणून तो टाळायची सवलत आपल्याला मिळत नाही.